झिरोतला होमस्टे: चार रात्री, चुलीचा धूर आणि बांधावरची नाचणी

घराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन-तीन तक्रारी आहेत, आणि माणसं इतकी मायाळू की त्यांच्या नावापुढे तक्रार लिहायला हात धजत नाही. अरुणाचलात, लोअर सुबनसिरी जिल्ह्यातल्या झिरो खोऱ्यात, होंग गावाला लागून हे घर. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं चार रात्री राहिलो. माणशी रोज १,४०० रुपये, दोन वेळचं जेवण धरून. मी कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, उभी हयात कोकणच्या भातात गेली. त्यामुळे गादी-उशीपेक्षा शेताचंच जास्त येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

नाहरलगुनपर्यंत रेल्वे, पुढे शेअर सुमो. बाहेरच्यांना राज्यात शिरायला लागणारं इनर लाइन परमिट ऑनलाइन मिळतं, पण छापील प्रत जवळ ठेवा. ही भानगड १८७३ च्या इंग्रजी कायद्यापासूनची आहे आणि नाक्यावर अजून कागद बघतात. सुमो साडेपाचला सुटणार होती, सुटली सव्वासातला, शेवटची सीट भरल्यावर. मी मागे, गुडघे हनुवटीला. पण त्या गाडीत जे ऐकलं ते कुठल्या टूरवाल्याने ऐकवलं नसतं. ड्रायव्हर आसामी, पुढे आसपासच्या डोंगरांतल्या निशी जमातीच्या दोन बायका, आमच्या शेजारी कॉलेजातली आपातानी, म्हणजे झिरो खोऱ्यातल्याच जमातीची मुलं, कोपऱ्यात एक बिहारी गवंडी, आणि सगळ्यांच्या गप्पा हिंदीत! राज्यात मुख्य जमाती २६, एकीची बोली दुसरीला कळेलच असं नाही, म्हणून मग ही मधली हिंदी. व्याकरण आमच्या मुंबईइतकंच धाब्यावर. हिने तर निशी बाईंशी लोणच्यापर्यंत मजल मारली.

याझालीला चहा झाला. जवळच रंगानदीच्या ४०५ मेगावॉट वीजप्रकल्पाचं धरण. पुढे नुसता चढ आणि वळणं. २०११ च्या जनगणनेत या राज्यात चौरस किलोमीटरला जेमतेम १७ माणसं भरली होती. ते का, हे खिडकीतून दिसतं. पाय ठेवायला सपाट जागाच नाही. आणि मग एका वळणानंतर दीड हजार मीटरहून जास्त उंचीवर एकदम परातीसारखं सपाट खोरं, काठोकाठ पिवळं भात. ड्रायव्हरला म्हटलं, इथेच उतरव. तो हसला, त्याने उतरवलं नाही.

आता तक्रारी. पहिल्याच दिवशी कळलं की आमची खोली म्युझिक फेस्टिव्हलला आलेल्या पोरांना दिली गेली आहे. फोनवर ‘हो हो, पक्कं’ म्हणणाऱ्या घराने हे करू नये. पहिली रात्र मालकाच्या बहिणीकडे काढली. न्हाणीघर अंगणापलीकडे, तिथला बल्ब गेलेला. गरम पाणी चुलीवरचं, बादलीभर, तेही नऊ वाजल्यानंतर. घराच्या मध्यभागी चूल, धुराडं नाही, त्यामुळे दम्याच्या माणसाने विचार करावा. हिचा शाकाहार समजावायला एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी भात, डाळ, उकडलेला पाला आणि टाप्यो घातलेली मिरचीची चटणी असं ठरलं. टाप्यो म्हणजे वनस्पती जाळून, ती राख पाण्याने गाळून आटवलेलं काळपट मीठ. मला तेच पिके पिला म्हणजे डुक्कर आणि बांबूच्या कोंबांच्या कालवणात मिळालं. पहिला घास जपून घेतला, नंतर वाडगा पुढे केला.

मालकाचा मुलगा पंचविशीतला. मला बांधावरून चालताना बघून त्याने विचारलं, “अंकल, आप खेती का आदमी है क्या?” तिथून पुढचे तीन दिवस मी पर्यटक राहिलोच नाही.

शेत म्हणाल तर फार मोठं नाही, पण एक वीत वाया गेलेली नाही. नांगर नाही, बैल नाही, सगळं कुदळीवर. खाचराच्या मधून फूट-दीड फूट खोल चर. लावणी झाली की पाण्यात माशांची पिल्लं सोडायची, आपण शेततळ्यात सोडतो तो सायप्रिनसच. पाणी कमी झालं की मासे त्या चरात गोळा होतात. एका खाचरातून दुसऱ्यात पाणी सोडायला बांबूची नळी आणि तिच्या तोंडाला गवताचा बोळा. मुलाने बोळा काढला, पाणी गेलं, पुन्हा घातला, थांबलं. खत म्हणजे डुकरा-कोंबड्यांची विष्ठा, चुलीची राख आणि तूस. औषध मारलं तर मासा मरेल, म्हणून फवारणीचा विषयच नाही. आणि बांधावर काय, तर नाचणी! आपल्याकडे नाचणीला डोंगरउतारावरची वरकस जमीन. इथे तिची कणसं बांधावर डुलत होती, आणि तिच्या मुळांनी बांध धरून ठेवला होता. आपल्याकडे बांधावर तूर लावा म्हणून मी किती सभा घेतल्या, त्यातले अर्धे लोक चहाला आलेले असायचे.

त्याचे वडील चुलीशी बसून सांगत होते, आजूबाजूच्या निशी लोकांची डोंगरावरची फिरती शेती, मिथुनही (गव्यासारखं दिसणारं इथलं गुरं) त्यांच्याकडेच जास्त. पूर्वी तिकडून मिथुन आणि कापूस यायचा, इकडून तांदूळ जायचा. मधूनमधून मारामाऱ्याही व्हायच्या, असं त्यांनी फार सहज सांगितलं. आज घरातली रोकड मात्र भातातून येत नाही. ती थोरल्या भावाच्या सरकारी पगारातून येते, थोडी आमच्यासारख्यांकडून आणि थोडी किवीतून. मागच्या उतारावर मांडवावर चढवलेली किवी मी पाहिली, काम चोख आहे. पण पावसात रस्ता तुटला की माल इथेच मऊ पडतो. गावात २०१७ पासून किवीची वाइन बनते. ती बाटली घ्यावी, आंबट-गोड आणि सरळ आहे.

आजीबद्दल लिहावं की नाही, यावर हिचं-माझं झालं. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदण, हनुवटीवर रेघा, दोन्ही नाकपुड्यांवर काळ्या चकत्या. ही रीत १९७० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे आता फक्त वयस्क बायकांमध्ये दिसते. फेस्टिव्हलची पोरं न विचारता तिच्या तोंडासमोर मोबाइल धरत होती. आजी काही बोलली नाही, फक्त चुलीकडे तोंड करून बसली. मी फोटो काढला नाही. शेवटच्या दिवशी हिने तिच्यासोबत भाताच्या पेंढ्या फळीवर झोडल्या. मळणी शेतातच होते, दाणे बांबूच्या टोपल्यात, आणि टोपली कपाळाच्या पट्ट्यावर टाकून घरी. हिने ती उचलायचा प्रयत्न केला, मान सटकली, आजी पोट धरून हसली.

जाणार असाल तर फेस्टिव्हलचा आठवडा टाळा, पण कापणी चुकवू नका. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बरा पडावा. खोलीचे थोडे पैसे आधी पाठवून पावती मागा. टॉर्च न्या, स्वेटर न्या, शाकाहारी असाल तर मेतकूट न्या. एका रात्रीसाठी जाऊ नका, सुमोतच कंबर मोडेल. पाचपैकी चार तारे. एक कापला तो खोलीच्या गोंधळाचा. बल्बचा कापणार होतो, पण निघायच्या सकाळी मुलाने स्टुलावर चढून नवा बसवला, आणि वर आमच्याकडून त्या दिवसाचे जेवणाचे पैसे घेतले नाहीत.