अझोर्सचं सर्फिंग पॅकेज घेतलं होतं, त्याचा रिव्ह्यू

आम्ही दोघं नेदरलँड्समधे असतो. सर्फिंगचा अनुभव म्हणाल तर गोव्यात अश्वेला केलेला दोन दिवसांचा क्लास, तेवढ्यावर थेट अटलांटिकच्या मधोमध पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर जायचं ठरवलं, म्हणजे जरा आगाऊपणाच. साओ मिगेल बेटावर रिबेरा ग्रांदेजवळ सर्फ कॅम्प, सात रात्री, सप्टेंबरचा शेवट. कॅम्पचं नाव देत नाही कारण पैशावरून थोडं वाजलंय, ते पुढे सांगतो.

आधी महिन्याचं बोलू कारण प्लॅनिंग तिथेच फसतं. स्वस्त तिकीट बघून हिवाळ्यात जाऊ नका, उत्तर अटलांटिकची वादळं तेव्हा थेट उत्तर किनाऱ्यावर येतात, नवशिक्याचं काम नाही. भर उन्हाळ्यात कधीकधी समुद्र नुसता थाळीसारखा. सप्टेंबर-ऑक्टोबर मधला, पाणी साधारण २२ डिग्री. गोव्याच्या पाण्याची सवय असेल तर थंडच वाटतं, आणि वारा सुटला की अजूनच.

लाटांचं म्हणजे, गोव्यात समुद्र हळूहळू खोल होत जातो, लाट येईपर्यंत दमलेली असते. इथे बेटं ज्वालामुखीची, खोल समुद्रातून सरळ वर आलेली, त्यामुळे कंबरेएवढी लाटसुद्धा असली आपटते की पहिल्या दिवशी मी बोर्डावर कमी आणि सांता बार्बरा बीचच्या काळ्या वाळूत जास्त होतो 😅

आणि इथेच कॅम्पला पूर्ण मार्क. इन्स्ट्रक्टर रोज सकाळी वारा, स्वेल (लांबून येणाऱ्या लाटा), भरती-ओहोटी बघून मगच ठरवायचा कुठे जायचं. तिसऱ्या दिवशी सांता बार्बराला उत्तरेचा वारा आणि डोक्यावर जाणाऱ्या लाटा, तर सरळ म्हणाला आज इथे नाही, आणि आम्हाला गाडीत घालून दक्षिणेला पोपुलो बीचला नेलं. बेट लांबीला ६५ किमीच्या आसपास असलं तरी रुंदीला एवढंसं, अर्ध्या तासात पलीकडचा किनारा! तिथे छान छोट्या लाटा, बायको पहिल्यांदा नीट उभी राहिली, मी नाही. दोन दिवस तर क्लासच घेतला नाही त्याने, आम्ही पैसे भरलेत म्हणून कुरकुर केली तर म्हणाला पाण्यात उतरून बघा, मग बघितलं आणि गप्प बसलो.

सुट्टीच्या दिवसात फुर्नासला गेलो, तिथे गरम जमिनीत पातेलं पुरून कोझिदो नावाचं जेवण शिजवतात, पाच-सहा तास. आपल्या पोपटीची आठवण झाली, फक्त जाळ ज्वालामुखीचा. पण त्यात गाय, डुक्कर सगळं असतं, बायको शाकाहारी, तिने बटाटे-कोबीसुद्धा नको म्हटलं कारण एकाच पातेल्यातले. कॅम्पच्या जेवणातही तिच्यासाठी ब्रेड, चीज आणि ऑम्लेट, ऑम्लेट ती खात नाही हे तीनदा सांगून झालं. सांगलीचं भडंग नेलं होतं म्हणून वाचलो. गोरेआना (Gorreana) नावाच्या चहाच्या मळ्यात मात्र जाच, १८८३ पासून चालू आहे. चहा बरा आहे, आलं नाही एवढंच.

आता वाजलं ते. साओ जॉर्जे बेटावर काल्देइरा दे सांतो क्रिस्तो म्हणून जागा आहे, कड्याखाली सरोवर आणि बाहेर लाट, गाडीरस्ता नाही, चालत नाहीतर क्वाड बाइकने. त्याची दोन रात्रींची ॲड-ऑन घेतली. विमान छोटं, पंखेवालं, वाऱ्यामुळे आमचं रद्द झालं, दुसऱ्या दिवशी पोचलो. वाऱ्याला कोण काय करणार, पण गेलेल्या रात्रीचे पैसे कॅम्पने परत दिले नाहीत आणि बुकिंगच्या वेळी ही शक्यता एका शब्दाने सांगितली नव्हती. सेर्रा दो तोपो डोंगरावरून धुक्यात उतरत गेलो, तिथल्या लाटा आमच्या लायकीच्या नव्हत्याच, किनाऱ्यावर बसून लोकांना बघितलं. तरी तो उतार मी अजून विसरलो नाहीये.

वेटसूटचं (थंड पाण्यात घालायचा रबरी सूट) भाडं पॅकेजमधे धरलेलं नाही, आणि मला दिलेल्याला गुडघ्यावर भोक. दोन बेटं करणार असाल तर परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा, आणि छोट्या विमानात किती लांबीचा बोर्ड चालतो ते आधी विचारा, आम्ही दोन्ही बेटांवर भाड्यानेच घेतले. कॅम्पला पाचात साडेतीन, इन्स्ट्रक्टरला पाच. पुढच्या सप्टेंबरला परत चाललोय, ॲड-ऑन न घेता, आणि भडंग दोन किलो.