व्हेंटमध्ये पडलेल्या वस्तू काढायला घेतलेला तारेचा कॅमेरा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी हाताला क्रीम लावायला अंगठी काढली आणि ती बोटांतून निसटली. फरशीवर दोनदा टणटणली, पलंगाशेजारच्या व्हेंटच्या, म्हणजे खोलीत गरम-थंड हवा सोडणाऱ्या जमिनीतल्या झरोक्याच्या, जाळीतून आत गेली, पत्र्यावरून घरंगळल्याचा आवाज आला आणि मग सगळं शांत. ती शांतता अजून आठवते. त्याच आठवड्यात मी हा कॅमेरा घेतला. पाच मीटर केबल, टोकाला सात मिलिमीटर जाडीची लेन्स, तिच्याभोवती बारीक एलईडी दिवे, चित्र मोबाइलवर. सोबत आकडा, छोटं लोहचुंबक आणि आरसा. तेव्हापासून माझ्या आणि नातेवाइकांच्या घरी मिळून सहा वेळा तो वापरून झालाय.

आधीच सांगते, कॅमेरा म्हणून ही वस्तू फार कामाची आहे. सोबतचं सामान मात्र जवळजवळ निरुपयोगी आहे. कॅमेरा बघायचं काम करतो. वस्तू बाहेर काढायला दुसरं काहीतरी हाताशी लागतंच, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशीची तीन तासांची घालमेल वाचली असती.

त्या दिवशी मी चुंबकापासून सुरुवात केली. सोनं, चांदी, प्लॅटिनम यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही हे माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. शिवाय डक्ट, म्हणजे व्हेंटपर्यंत हवा आणणारी नळी, लोखंडी पत्र्याची, जस्ताचा थर दिलेली. चुंबक आत गेलं की दर चार बोटांवर टकटक करत भिंतीलाच बसायचं. मग आकडा लावला. तो एका प्लास्टिकच्या कडीने लेन्सवर नुसता अडकवलेला असतो. दुसऱ्यांदा ओढताना कडी निसटली आणि आता आत दोन वस्तू होत्या. काहीही जोडायचं असेल तर आधी चिकटपट्टीचे तीन-चार वेढे घट्ट मारून घ्या.

अंगठी शेवटी निघाली ती साध्या जाड तारेने. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात टोक वाकवलेली तार. जाळी काढल्यावर खाली पत्र्याची एक पेटी असते आणि तिथून डक्ट आडवी वळते. त्या वळणाच्या थोडं पुढे, धुळीच्या करड्या गोळ्यात एक बारीक पिवळी कोर चमकत होती. दिवे पूर्ण प्रखर असताना ती दिसलीच नव्हती, कारण पत्रा इतका चकाकतो की सगळं पांढरं होतं. प्रकाश अर्ध्यावर आणला तेव्हा दिसली. अंगठीला भोक असतं, त्यामुळे तारेचं टोक त्यात एकदा शिरलं की काम झालं. ओढताना मात्र घाई नको. मी एक-एक बोट सरकवत आणली.

वापरायची सवय व्हायला दोन-तीन वेळा जावं लागतं. माझी लेन्स साधारण तीन ते आठ सेंटीमीटरवरचंच स्पष्ट दाखवते. त्याहून लांबचं धूसर, म्हणून टोक अगदी हळू पुढे न्यावं लागतं. केबल पिळली की चित्रही फिरतं आणि वर कुठे, खाली कुठे कळेनासं होतं. मी आत शिरल्याशिरल्या पत्र्याचा एक सांधा धरून ठेवते आणि तो कायम वरच्या बाजूला राहील अशी केबल फिरवते. शिवाय केबलवर दर दहा सेंटीमीटरवर चिकटपट्टीची खूण केली आहे. वस्तू दिसली की खूण वाचायची, तेवढंच माप तारेवर घ्यायचं. कंपनीने या खुणा छापूनच द्यायला हव्या होत्या.

कानातल्यासारख्या हलक्या वस्तूला तार नको, ती आणखी आत ढकलली जाते. तिथे व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर पातळ नायलॉनचा पायमोजा ताणून रबरबँडने बांधला, ओढ कमीत कमी ठेवली आणि कॅमेऱ्यात बघत नळी जवळ नेली. कानातलं पायमोज्यावर येऊन चिकटलं. मशीन चालू ठेवूनच नळी बाहेर काढायची, मध्ये बंद केलं की वस्तू पुन्हा खाली. चुंबक फक्त एकदा उपयोगी पडलं, किल्ल्यांच्या जुडग्याला. त्यातल्या पितळी किल्ल्या चिकटल्या नसत्या, पण त्यांची कडी स्टीलची होती.

एक फसलेला प्रयत्नही सांगायला हवा. एका नातेवाइकांकडे डक्ट पत्र्याची नव्हती, तारेच्या वेटोळ्यांवर प्लास्टिक चढवलेली लवचीक होती. कॅमेऱ्याचं टोक प्रत्येक घडीत अडकायचं. स्प्रिंगवाला चार नख्यांचा चिमटा घालून पाहिला आणि नख्या प्लास्टिकमध्ये रुतताना स्क्रीनवर दिसल्या. मी लगेच थांबले. आतलं अस्तर फाटलं असतं तर हवा गळत राहिली असती. नंतर तंत्रज्ञाने ती नळी दुसऱ्या टोकाला सोडवून झटकून दिली.

हात घालण्याआधी डक्टमध्ये हवा ढकलणारा पंखा थर्मोस्टॅटवरून (तापमान ठरवणाऱ्या बटणावरून) आणि मेन स्विचवरूनही बंद करा. पत्र्याच्या कडा आणि आत आलेली स्क्रूची टोकं ब्लेडसारखी असतात, माझ्या मनगटावर खूण आहे, तेव्हा जाड हातमोजे हवेतच. जुन्या घरात सांध्यांवर पांढरट पट्टी दिसली तर तिला खरवडू नका, ती ॲस्बेस्टॉसची, म्हणजे धूळ श्वासात गेली तर घातक ठरणाऱ्या खनिजाची, असू शकते. आणि वस्तू हवा आत ओढणाऱ्या व्हेंटमध्ये पडली असेल तर कॅमेरा आत घालण्याआधी फिल्टर तपासा. हलकं काही असेल तर तिथे सापडू शकतं.

अंगठी मिळाली त्याच संध्याकाळी मी घरातल्या सगळ्या जाळ्यांखाली बारीक तारेची जाळी बसवली. हवा अडू नये म्हणून दर महिन्याला ती काढून झाडते.

फक्त एका कानातल्याची फिरकी अजून आत आहे. जाळी बसवण्याच्या कितीतरी आधी पडलेली. दुसऱ्या वळणापलीकडे, केबलवर तीन मीटर चाळीसच्या खुणेवर, पत्र्याच्या सांध्यात ती उभी रुतून बसली आहे. तार तिथवर पोचेपर्यंत लुळी पडते आणि व्हॅक्यूमची नळी दुसरं वळण घेत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला तंत्रज्ञ तो सांधा खालून उघडणार आहे. तोवर मी महिन्यातून एकदा कॅमेरा घालून बघते. परवाही पाहिली, तिथेच आहे.