डोक्याकडून की नाकातून?

मुलाच्या कवटीच्या तळाला जन्मतः भोक आहे, मेंदूचा फुगवटा त्यातून नाकात उतरलाय, हे एमआरआयमध्ये दिसलंय. आता ऑपरेशनसाठी न्यूरोसर्जन एक वाट सांगतात, कान-नाक-घसावाले दुसरी. इथवर आलेल्या आईबापांसाठी लिहितोय.

आमची लेक तेव्हा सहा वर्षांची. खाली वाकली की डाव्या नाकपुडीतून पाणी टपकायचं, वहीवर गोल डाग पडायचे. सगळे म्हणत सर्दी. एका डॉक्टरांनी तर ‘पॉलिप आहे, काढून टाकू’ म्हणून तारीखही दिली होती. त्याआधीच दुसऱ्यांदा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज) झाला, स्कॅन निघाला, आणि ते पाणी मेंदूभोवतीचं आहे हे कळलं. (मुलाच्या एकाच नाकपुडीत गाठ असेल तर स्कॅनआधी चिमटा लावू देऊ नका. बाकी सगळं माझं मत समजा, हे सोडून.)

डोक्याकडून जायची पद्धत जुनी. अमेरिकन न्यूरोसर्जन वॉल्टर डँडींनी १९२६ साली असंच गळतं भोक मांडीच्या स्नायूंवरचा पडदा लावून बुजवलं होतं. भोक मोठं असलं, कपाळ-नाकाचा आकारही सुधारायचा असला, तर आजही तीच वाट धरतात. कानापासून कानापर्यंतच्या टाक्यांचं मला फारसं वाटलं नाही, केसांत झाकतात. अडलं ते वासापाशी. भोक होतं नाकाच्या छताच्या चाळणीसारख्या हाडात, आणि वासाचे तंतू तिथूनच खाली येतात. वरून पोचायचं तर मेंदूचा पुढचा भाग उचलावा लागतो, त्यात दोन्हीकडचे तंतू तुटू शकतात. आमच्या घरी दूध लागलं की पहिली हाक हिचीच. दोन रात्री डोक्यात तेवढंच.

शेवटी दुर्बिणीने नाकातून केलं. डाव्या बाजूचा वास जाईल हे आधीच सांगितलं होतं, आणि तो गेला. कटकट नंतरची: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, दिवसातून कितीदा तरी सलाइनचा फवारा, आणि खपल्या साफ करायला पुन्हा भूल. पडदा मांडीतूनच घेतला होता. नाकापेक्षा मांडीच जास्त दुखली.

तुमच्या मुलाचं भोक आणखी मागे, स्फेनॉइड नावाच्या हाडात असेल, तर माझा अनुभव जपून घ्या. तिथल्या फुगवट्यात पिट्युटरी (हार्मोन्सची ग्रंथी), डोळ्यांच्या नसाही असू शकतात. आमच्यासारखा तो कापून टाकता येत नाही.

वही आता कोरडी असते. परवा मी गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलत बसलो, तर आतल्या खोलीतून ओरडली, “बाबा, दूध!”