लघवीच्या संसर्गावर प्रोबायोटिक: दिवाळी ते गुढीपाडवा घेतल्यानंतरचा अनुभव

आमच्या कोल्हापुरात उन्हाळी लागली की दोष तिखटाला. तांबडा रस्सा बंद कर, धने-जिऱ्याचं पाणी पी, होईल बरं. तरुणपणी व्हायचंही. पाळी थांबल्यावर मात्र जळजळ, दर अर्ध्या तासाला लागणं आणि ओटीपोटात दुखणं वर्षातून तीन-चारदा व्हायला लागलं. शिवाय अँटिबायोटिकचा कोर्स संपला की खाज आणि पांढरं जाणं सुरू. मी गुळाच्या पेढीवर हिशेबाला आहे. सीझनमध्ये दिवसभर जागेवरून उठता येत नाही आणि बायकांची सोय लांब, त्यामुळे पाणीच कमी प्यायचं ही सगळ्याजणींची सवय.

दिवाळीच्या सुमारास राजारामपुरीतल्या माझ्या डॉक्टर मॅडमनी आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू कोणता ते शोधायची तपासणी, करायला लावलं. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला. बहुतेक बायकांत तोच निघतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला तर तो वारंवार होणारा धरतात, असं सांगून त्यांनी कारण नीट समजावलं. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जीवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला सामू (पीएच, आम्लतेचं माप) ३.८ ते ४.५ च्या आसपास राहतो आणि वाईट जंतूंना थारा मिळत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक घटतं आणि हे जीवाणूही कमी होतात. मग आतड्यातले जंतू तिथं ठाण मांडतात, आणि आपला लघवी बाहेर यायचा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. इतकं साधं कारण इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

हेच चांगले जीवाणू बाहेरून देणारी कॅप्सूल म्हणजे प्रोबायोटिक; ती मी दिवाळीपासून घेतली. कॅप्सूल घेताना पाकिटावरचे जीवाणूंच्या संख्येचे कोटींचे आकडे बघू नका, जीवाणूचं पूर्ण नाव बघा. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस जीआर-१ आणि लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी आरसी-१४ या जोडीवर बायकांच्या या तक्रारींसाठी बराच अभ्यास झाला आहे. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं पाकीट मी मेडिकलमध्ये परत केलं. पोटासाठीचं प्रोबायोटिक इथं चालेलच असं नाही. एप्रिलच्या उकाड्यात पट्टी फ्रीजमध्ये ठेवा आणि तारीख बघून घ्या. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आणि घरचं दही-ताक जरूर खा, पण दही आत लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आता फरक. पहिले काही दिवस पोटात गॅस झाला, मग थांबला. महिन्या-दीड महिन्यात खाज आणि पांढरं जाणं स्पष्ट कमी झालं. कोर्सनंतर हमखास येणारा तो त्रास यावेळी आलाच नाही, आणि मला याचं मोल फार वाटतं. लघवीचा संसर्ग मात्र डिसेंबरमध्ये, ऐन सीझनमध्ये, पुन्हा झालाच. कॅप्सूल एकही दिवस चुकली नव्हती.

संक्रांतीनंतर मॅडमनी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. पाण्याची बाटली टेबलावर आली, आणि मालकांशी बोलून आम्ही दुपारी उठायची वेळ ठरवून घेतली. तेव्हापासून जळजळ नाही. त्यामुळे माझं मत असं, की लघवीच्या बाबतीत जास्त काम क्रीमनं आणि पाण्यानं केलं. पाण्याचा तर २०१८ साली अभ्यासच प्रसिद्ध झाला: वारंवार संसर्ग होणाऱ्या, पण पाणी कमी पिणाऱ्या तरुण बायकांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं, तर त्यांचा संसर्ग जवळपास निम्म्यावर आला.

प्रोबायोटिकबद्दलचे निकाल एवढे सरळ नाहीत. २०१२ साली नेदरलँड्समध्ये पाळी गेलेल्या २५२ बायकांना वर्षभर एक तर रोज थोडं अँटिबायोटिक दिलं, नाहीतर हीच जीआर-१ आणि आरसी-१४ ची जोडी. आधी वर्षाला सरासरी सातच्या आसपास होणारा संसर्ग दोन्हीकडं तीनच्या आसपास आला. अँटिबायोटिक थोडं सरस ठरलं, पण त्या गटात औषधाला दाद न देणारे जंतू वाढले. उलट अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात लघवीच्या संसर्गासाठी प्रोबायोटिकचा ठोस फायदा दिसला नाही. महिन्याला हजाराच्या आसपास जातात, तेव्हा हे माहीत असूनच पैसे खर्च करावेत.

पाडव्यानंतर मी कॅप्सूल बंद केली, क्रीम चालू आहे. उरलेली पट्टी धाकट्या जाऊबाईंनी मागितली. त्यांनाही खाज होती आणि दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जात होतं. पट्टी न देता मी त्यांना मॅडमकडं घेऊन गेले. बुरशीचा संसर्ग निघाला, त्याचं औषध वेगळं, आणि सोबत केलेल्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. त्यांचे साखरेचे उपचार आता सुरू झालेत.