मालवण की नेत्राणी? मास्क-फिन्स घेऊन किनाऱ्याने निघण्याआधी

गाडी काढायची, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जायचं आणि जिथे पाणी नितळ दिसेल तिथे मास्क लावून उतरायचं, असा बेत असेल तर प्रश्न शेवटी एकच उरतो. मालवणला मुक्काम ठोकायचा, की गोवा-कारवार ओलांडून मुरुडेश्वर गाठायचं आणि तिथून होडीने नेत्राणी बेटाला जायचं?

आधी उत्तर देऊन टाकतो. बरोबर मुलं किंवा आई-वडील असतील, स्नॉर्केल, म्हणजे पाण्यावर तरंगत श्वास घ्यायची नळी, पहिल्यांदाच तोंडात धरायचा असेल, तर मालवण. श्वास रोखून पाच-सात मीटर खाली जायची सवय असेल आणि जोडीला तितकाच तयार माणूस असेल, तर नेत्राणी. फक्त कुठलंही ठिकाण ठरवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. ही सहल अंतरावर कमी आणि तिथीवर जास्त अवलंबून असते.

मालवणचं पाणी उथळ, आणि दोन्ही बाजूंना खाड्या: दक्षिणेला कर्लीची, उत्तरेला कोळंबची. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक वाढतो, प्रवाह जोरात धावतो आणि तळाचा गाळ वर येतो. अशा दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यामागे उतरलात तर हिरवट धुक्यात स्वतःचे फिन्ससुद्धा धड दिसत नाहीत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि गाळ खाली बसतो. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला साधारण सहा, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे नवमी ते एकादशीचे दिवस सोन्यासारखे: भांगही आहे आणि सकाळी खारे वारे सुटायच्या आत भरतीचं स्वच्छ पाणीही मिळतं. शनिवार-रविवार बघून सुट्टी टाकणाऱ्यांना हे जमत नाही, आणि मग ‘मालवणात काही दिसत नाही’ अशी बोंब होते.

नेत्राणीला हा जाच बराच कमी. बेट किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे, खाडीचा गाळ तिथवर फारसा पोचत नाही. डिसेंबर-जानेवारीत चांगल्या दिवशी पंधरा मीटरपर्यंत दिसतं, कधी त्याहूनही जास्त. बेटाचे कडे सरळ पाण्यात उतरतात. कड्यालगत पाच-सहा मीटरवर प्रवाळ लागलेले खडक आणि थोडं बाहेर सरकलं की वीस मीटर. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात तेव्हा कट्-कट् आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. खडकाच्या फटीत मोरे ईल, निळ्यात बॅराकुडांचा थवा, नशीब असेल तर कासव. बेटावर मात्र पर्यटकांना उतरवत नाहीत. नौदलाने हे बेट पूर्वी तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून वापरलेलं आहे.

मालवणात काहीच नाही असं मात्र नाही. किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर, आणि तिथे खरोखरच प्रवाळ आहेत. अडचण वेगळीच. नेहमीच्या जागी होड्यांची रांग लागते, पावाचे तुकडे टाकून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे गोळा केले जातात, आणि दमलेला माणूस टेकायला पाय ठेवतो तो नेमका प्रवाळावर. सकाळी सात-साडेसातला पहिली होडी धरली तर हे बरंचसं टळतं. होडीवाल्या दादांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा की पाव नको आणि गर्दीच्या जागेपासून जरा लांब न्या. नीट सांगितलं तर ऐकतात.

फ्रीडायव्हिंगवाल्यांसाठी, म्हणजे सिलिंडरशिवाय श्वास रोखून खाली जाणाऱ्यांसाठी, मालवणात आणखी एक अडचण आहे: लाइफ जॅकेट. ते काढू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण जॅकेट घालून डुबकी मारता येत नाही. डोकं खाली गेलं तरी पाठ वरच तरंगते. खोली पाच ते आठ मीटर, वरून होड्या आणि वॉटर स्पोर्ट्सची वर्दळ, मधेच कुठे टाकलेली जाळी. तुमचा तरंगता बोया, त्याला बांधलेली दोरी आणि वर लक्ष ठेवणारा जोडीदार यांशिवाय इथे खाली जाऊ नका. लांब फिन्सही घरीच ठेवा. इतक्या उथळ पाण्यात ते तळाला घासतात आणि प्रवाळ मोडतात.

नेत्राणीच्या होड्या मुळात स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन खाली जाणाऱ्यांसाठी, निघतात. स्नॉर्केलवाल्यांना नेतात, फ्रीडायव्हिंगबद्दल मात्र आधी फोन करून विचारावं लागतं. परवानगी मिळाली तरी तिथला प्रशिक्षक त्याच्या स्कूबाच्या लोकांत गुंतलेला असतो, तुमच्याकडे बघायला कोणी मोकळं नसतं. म्हणून शिकायला नेत्राणीला जाऊ नये. ते आधी कोर्स करून, नाहीतर निदान तलावात जाणत्या माणसाबरोबर झालेलं असावं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. कान मात्र दोन मीटरवरच कुरकुरायला लागतात. खरा धोका तळाशी नाही, वर येताना आहे. शेवटच्या काही मीटरमध्ये दाब झपाट्याने घटतो, ऑक्सिजनही त्याबरोबर पडतो आणि माणूस पृष्ठभागाच्या तोंडाशी, कधी वर येऊन पहिला श्वास घेतल्यावरही, बेशुद्ध होतो. त्यामुळे एक खाली तेव्हा दुसरा वर, आणि वर आलेल्यावर पुढची तीस सेकंद नजर. डुबकीआधी भराभरा श्वास घेऊन ‘दम वाढवण्याचा’ प्रकार तर नकोच. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त श्वास घ्यायची तलफ उशिरा येते.

गोव्याचं ग्रँड आयलंड वाटेवर आहे म्हणून एक सकाळ द्यायला हरकत नाही. ‘सुझीज रेक’ हे बुडालेलं जहाज स्कूबावाल्यांना आवडतं. तीन-पाच मीटर दिसलं तर दिवस चांगला म्हणायचा. होडीवर नाश्ता आणि गाणी असतात, आणि पुष्कळांना तेच हवं असतं.

आता रस्ता. पुण्याहून कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली करत मालवण चारशे किलोमीटरच्या आत-बाहेर. मुंबईहून पाचशेच्या आसपास. तिथून पणजी, कारवार, गोकर्णाचा फाटा, कुमठा, होन्नावर करत मुरुडेश्वर आणखी सव्वातीनशे. हा दुसरा टप्पाच खरा किनारी प्रवास आहे. कारवारपासून समुद्र डावी-उजवी न करता सरळ उजव्या हाताला साथ देतो, काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती अशा नद्यांचे पूल एकामागून एक येतात. पाच दिवस हाताशी असतील तरच निघा. चार दिवसांत केलं तर नेत्राणीच्या होडीत बसाल तेव्हा झोप पुरी झालेली नसेल, आणि तास-दीड तासाच्या लाटांत ती उणीव बाहेर पडते. उलटीची गोळी होडीत चढल्यावर नव्हे, त्याआधी घ्यायची. आणि फक्त नेत्राणीच करायची असेल तर गाडी कशाला? कोकण रेल्वेचं मुरुडेश्वर स्टेशन आहे, रात्री झोपून जाता येतं.

परतीची एक गोष्ट बरेच जण विसरतात. स्कूबा केली असेल तर लगेच घाट चढू नका. आंबोली ६९० मीटर उंच, बेळगाव त्याहून वर, आणि डाइव्हनंतर लगेच विमानात न बसण्याचा सावधगिरीचा नियम साधारण ६०० मीटरवरच्या रस्त्यालाही लागू धरतात. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्हनंतर १८. नुसतं स्नॉर्केलिंग किंवा नेहमीचं फ्रीडायव्हिंग केलेल्यांना ही अट नाही. पण सकाळी स्कूबा आणि दुपारी श्वास रोखून डुबक्या, हे एकाच दिवशी करू नये.

खर्चात तुलनाच नाही. मालवणात एका माणसाचं स्नॉर्केलिंग घरगुती खानावळीतल्या दोन-तीन ताटांच्या भावात होतं, नेत्राणीला कित्येक पट लागतात. त्या पैशात मालवणात एक रात्र जास्त राहता येते, आणि पाणी पहिल्या दिवशी गढूळ निघालं तर दुसरी सकाळ हाताशी उरते. नेत्राणीला लाट वाढली की होडी रद्द, आणि मग तुम्ही मुरुडेश्वरचा वीस मजली गोपुर बघून परत. म्हणून तिथेही एक दिवस मोकळा ठेवूनच बुकिंग करा.

मे अखेर ते ऑगस्ट दोन्हीकडे बंद. त्यानंतर हळूहळू सुरू होतं, पण पावसाचा गाळ बसायला नोव्हेंबर उजाडतो. डिसेंबरातली शुद्ध किंवा वद्य नवमी-दशमी सोमवार ते गुरुवारात येत असेल तर मालवणचं आरक्षण आजच करून टाका. नाताळचा आठवडा मात्र तिथी कितीही चांगली असली तरी सोडून द्या.