पेठेतलं घर की गेटच्या आतला फ्लॅट?

पेठेतलं घर विकून उजळाईवाडी, पाचगावकडं गेटवाल्या सोसायटीत जायचं का, ही चर्चा सध्या कोल्हापुरात घराघरात चाललीय. बिल्डरच्या ब्रोशरात क्लबहाऊस दिसतंय, शेजार कसा आहे ते काय दिसत नाही, म्हणून हे लिहितोय.

घरात लहान पोरं असतील तर सरळ सोसायटी बघा. शिवाजी पेठेत आता गल्लीत क्रिकेट खेळायचं म्हणजे दर ओव्हरला चार गाड्या मधनं जाणार, सोसायटीत पोरगं खाली सोडलं की निवांत. पार्किंग, लिफ्ट, जनरेटर, यात पेठेचं काही चालत नाही, आणि गणपतीत दारात साऊंड सिस्टीम लागली की बाळंतीण असो नाहीतर पेशंट, कुणाला सांगायची सोय नाही.

पण घरात म्हातारी माणसं असतील तर हिशेब फिरतो. पेठेत दारात खुर्ची टाकून बसलं की जाणारा-येणारा विचारतोय, "काय आक्का, गुडघा कसा हाय?" सोसायटीत तीच मैत्रीण भेटायला आली तर गेटवर रजिस्टरात नाव, मोबाईल, फ्लॅट नंबर, येण्याची वेळ, मग वॉचमन वर फोन लावणार, "सोडू काय?" आणि फोन चार्जिंगला लावून आक्का आत झोपलेल्या. असं दोन-तीनदा झालं की ती बाई यायचीच बंद होते, फोनवर बोलते. ब्रोशरात सीनियर सिटिझन कॉर्नर असतोय, पण तिथं बसायला ओळखीचं कोण पाहिजे की.

सुरक्षिततेचं म्हणाल तर कॅमेरे, वॉचमन यांचा उपयोग आहे, नाही असं नाही. फक्त धुणंभांडी करणाऱ्या मावशीची पिशवी जाताना तपासायची, तिला वेगळी लिफ्ट, डिलिव्हरीवाल्याला गेटवरच थांबवायचं, हे आपली पोरं रोज बघत मोठी होतात, आणि त्यांचे सगळे दोस्त आपल्याच पगाराच्या घरातले. पेठेतल्या तालमीत, म्हणजे गल्लीतल्या पोरांच्या मंडळात, असं नव्हतं, फुटबॉलच्या टीममध्ये रिक्षावाल्याचा पोरगा आणि सराफाचा पोरगा एकत्र. कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या पोरांचा त्रास होतोच, पण गल्लीवर नजर पण त्यांचीच असते. 2019 च्या महापुरात पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कात शिरलं तेव्हा तालमी, मंडळांची पोरं लोकांना बाहेर काढत होती, जेवण पोचवत होती. उंचावरच्या सोसायट्या कोरड्या राहिल्या हे पण खरंच, घर घेताना ते बघायलाच पाहिजे.

पैशाचं बोलायचं तर घरफाळा दोन्हीकडं आहेच. सोसायटीत वर मेंटेनन्स, म्हणजे आतले रस्ते, दिवे, सफाई, टँकर सगळं परत आपल्याच खिशातनं. मला खटकतं ते पुढचं. धरणातनं पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनसाठी या शहरानं वर्षानुवर्षं आंदोलनं केली, तेव्हा कुठं 2023 ला काळम्मावाडी धरणाचं पाणी आलं. ज्यांच्या मेंटेनन्समध्ये टँकर बसतोय ते कशाला मोर्चाला येतील? मग भिंतीबाहेरच्या वस्तीनं एकटीनं ओरडायचं, आणि पैसेवाला माणूस सोबत नसला की ते ओरडणं कोण ऐकत नाही.

माझं मत विचाराल तर राजारामपुरी, साने गुरुजी वसाहतीकडं दहा-बारा फ्लॅटचं साधं अपार्टमेंट बघा, लिफ्ट-पार्किंग मिळतंय आणि गेटबाहेर लगेच दुकान, रस्ता, माणसं. दर जास्त आहे, मान्य.

सोसायटीच ठरली असेल तर महारेरा नंबर, म्हणजे प्रोजेक्टची सरकारी नोंदणी, बघा. प्रोजेक्ट कुणाच्या हद्दीत येतोय ते विचारा, महापालिकेच्या की ग्रामपंचायतीच्या, कारण हद्दवाढीचा घोळ काय मिटत नाही आणि पाणी-ड्रेनेज त्यावरच अवलंबून. तयार सोसायटीत रिसेलचा फ्लॅट घेताय तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का बघा, नसेल तर मेंटेनन्स तुम्ही भरताय आणि जमीन अजून दुसऱ्याच्याच नावावर आहे.