हळद लाल झाली आणि मी भुलले

परवा नणंदेचा फोन आला. तिच्या सोसायटीत एक माणूस डिशवॉशरची सुट्टी पावडर विकायला आला होता, हातात हळदीच्या पाण्याची वाटी. वाटी म्हटल्यावर मी तिला पुढचं बोलूच दिलं नाही. "घेऊ नकोस" म्हणाले. हाच खेळ गेल्या दिवाळीआधी माझ्यासमोर झाला होता.

आमच्याकडे डिशवॉशर आला २०२० च्या लॉकडाउनमध्ये, भांड्यांच्या मावशी येईनाशा झाल्या तेव्हा. मशीनची सवय झाली, त्यात घालायच्या डिटर्जंट टॅब्लेटच्या किमतीची काही झाली नाही. त्यामुळे "कंपनीचाच माल, फक्त पॅकिंग नाही, १० किलो २,४०० रुपये" ऐकलं आणि पाय तिथेच थांबले.

माणूस गोडबोल्या. ताई, ताई करत त्याने वाटीत पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली, वर आपली पावडर भुरभुरली. पाणी लालभडक! "बघा ताई, एन्झाइम लागले कामाला." पावडरीतले निळे दाणे म्हणजेच ते अन्नाचे डाग तोडणारे एन्झाइम, म्हणे. वर "फॉस्फेट-फ्री आहे, युरोपच्या नियमाप्रमाणे". सोसायटीतल्या आम्ही चौघींनी उभ्या उभ्या यूपीआय केलं.

आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे आयुष्यभर बघितलेलं. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, तेही माहीत. कुठलाही अल्कली हळदीला लाल करतो, त्याला एन्झाइम कशाला हवेत? हळदीला चुना लावला की कुंकू होतं, मला लावला तेव्हा २,४०० रुपये गेले.

पहिल्याच वॉशला दाराखालून फेस बाहेर. टेक्निशियन आला, व्हिजिटचे पैसे वेगळे. त्याने सांगितलं, फेस झाला की पंपाला हवा लागते आणि फवाऱ्यांचा जोर जातो. म्हणून डिशवॉशरच्या डिटर्जंटमध्ये सर्फॅक्टंट, म्हणजे तेलकटपणा सोडवणारा साबणासारखा घटक, अगदी थोडा आणि फेस न करणारा घालतात. ह्यात सरळ कपड्यांची पावडर मिसळलेली दिसत होती. तरी माझा जीव १० किलोंत अडकलेला. निम्मी मात्रा टाकून वापरत राहिले. पंधरा दिवसांत ग्लासांवर पांढरी साय धरली आणि भाताच्या पातेल्यातला पापुद्रा तसाच राहायला लागला. (कुकर काळा पडला तो मात्र माझा गाढवपणा. अ‍ॅल्युमिनियमला खरं डिटर्जंटही सोडत नाही.)

माझा मावसभाऊ कुरकुंभच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. त्याला फोन केला तर आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "ताई, फॉस्फेट नाही हे तो खरंच बोलला. पण त्याच्या जागी काय आहे ते विचारलंस का?" पूर्वी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायचं काम फॉस्फेट करायचं. युरोपात १ जानेवारी २०१७ पासून एका वॉशच्या मात्रेत ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस चालत नाही, म्हणून सायट्रेट, एमजीडीए असले पदार्थ घालतात. ते महाग. त्यांच्याशिवाय, असल्या स्वस्त पावडरीसारखा नुसता धुण्याचा सोडा आमच्या टँकरच्या जड पाण्यात टाकला की कॅल्शियम कार्बोनेटचा साका होतो आणि तोच ग्लासांवर बसतो.

त्याच्या सांगण्यावरून घरीच दोन प्रयोग केले. भाताची घट्ट पेज दोन वाट्यांत घेतली, कोमट. एकीत टॅब्लेटचा चुरा, दुसरीत ही पावडर. तासाभरात टॅब्लेटची पेज पाण्यासारखी पातळ झाली, कारण त्यात स्टार्च तोडणारं अमायलेज असतं. दुसरी होती तशीच घट्ट. मग चहाचे डाग धरलेले दोन कप गरम पाण्यात घालून रात्रभर ठेवले. टॅब्लेटमधल्या सोडियम परकार्बोनेट ह्या ब्लीचने एक कप पांढरा केला. दुसऱ्याचा डाग जागचा हलला नाही. म्हणजे ब्लीचही नाही. आणि ते निळे दाणे? पाण्यात टाकले, पाणी निळं झालं. बस.

माणसाचा फोन तेव्हापासून बंद. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तर पहिला प्रश्न आला उत्पादकाच्या नावाचा. पांढऱ्या पिशवीवर ना नाव, ना पत्ता, ना महिना, ना एमआरपी. पाकीटबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मी बिस्किटाचा पुडा घेतानासुद्धा तारीख बघते, इथे वाटीतच बघत राहिले.

सहा ग्लासांपैकी चार लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवल्यावर निघाले. उरलेल्या दोघांची काचच दुधी झाली आहे, ती आता जात नाही. सात किलो पावडर बाल्कनीत पडून आहे. शनिवारी तिनेच फरशी घासते.